साडूची छाती

कुणाला शेजाऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, कुणाला भावाच्या विहिरीला लागलेल्या पाण्याचा. मला माझ्या साडूच्या छातीचा वाटतो. छाती म्हणजे आतली. फुप्फुसं. ती बाहेरून दिसत नाहीत म्हणून बरं, नाहीतर माझी नजर लागून कधीच गळून पडली असती.

मी नामदेव, येरमाळ्याचा. साडूचं नाव भानुदास. माझी बायको शांता थोरली अन् त्याची बायको मंगल धाकटी, सख्ख्या बहिणी. भानुदासाला सासरच्यांसमोर मीच उभा केला, कारण आम्ही दोघं आधीपासून एकाच खव्याच्या भट्टीवर कामाला होतो. पुढं आमची स्वतःची भट्टी झाली, गावाबाहेर, हायवेच्या अंगाला. आमचा खवा पेढेवाल्यांकडं जायचा.

खवा घोटताना हात थांबवता येत नाही. थांबला की दूध तळाला लागतं. बाभळीची लाकडं खाली धडधडत असतात, अन् घोटणाऱ्याचे दोन्ही हात उलथन्यावर. मग बिडी कशी ओढायची? तर दुसऱ्यानं ती त्याच्या तोंडाला लावायची. एक झुरका त्याला द्यायचा, एक आपण घ्यायचा. तीस वर्षं आम्ही एकमेकांना अशा बिड्या भरवल्या. बायकोनं एवढ्या मायेनं कधी घास भरवला नसेल.

एक बंडल, एक भट्टी, एकच धूर, अन् आजार मात्र एकट्याला. ह्याला काय न्याय म्हणायचा?

हे मी मोबाईलवर बोलून लिहितोय. दम घ्यायला थांबलो की मोबाईलला वाटतं माझं संपलं, अन् तो ऐकायचा बंद होतो. त्याला पण धीर नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांच्या कामी येईल, सांगा तुमचं." त्यांना वाटलं मी बिडी सोडा म्हणून सांगेन. ते सांगतोच, सोडा. पण ह्या दुखण्यात माणूस दुसऱ्याच्या श्वासावर किती जळतो, हे कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

सोंगं

हे दुखणं एका दिवसात अंगावर येत नाही. आधी सकाळचा खोकला होता. बिडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच, त्याचं काय एवढं! मग दुधाचा कॅन उचलला की धाप लागायला लागली. मग घरून भट्टीकडं जातानाच्या चढावर. तो चढ म्हणजे काही डोंगर नाही, शाळेतली पोरं पळत जातात. मला मात्र मधल्या चिंचेखाली थांबावं लागायचं.

नुसतं थांबलं की येणारा-जाणारा विचारणार, "काय नामदेवराव, दम लागला का?" म्हणून मी सोंगं काढली. कधी चपलेचा अंगठा तपासायचा. कधी कुणाच्या म्हशीकडं बघत मान हलवायची, जसं काही उद्याच घ्यायची आहे. सगळ्यात झकास सोंग मोबाईलचं. फोन आलेला नसला तरी मोबाईल कानाला लावायचा अन् "हं... हं... बरं" म्हणायचं. हं म्हणायला दम लागत नाही. श्वास जाग्यावर आला की खिशात टाकायचा अन् पुढं चालायचं. गावाला वाटायचं, नामदेवरावाचा धंदा लई वाढलाय, सारखे फोन येतात.

शांतानं एकदा विचारलं, "कुणाचा एवढा फोन येतो तुमाला, चिंचेखालीच?" तिच्या आवाजात वेगळाच संशय होता. मी तो तसाच राहू दिला. धाप लागते म्हणून सांगण्यापेक्षा बाईचा संशय बरा वाटला. पुरुषाची अक्कल, दुसरं काय.

फुंका

एका थंडीत भट्टीवरच आडवा झालो. खवा कढई सोडायच्या बेतात आला होता, म्हणजे सगळ्यात जड वेळ, तेव्हा जोर लावून घोटावं लागतं. माझा हात थांबला. आत जाणारी हवा गळ्यातच अडकली. भानुदास धावत आला. त्यानं आधी उलथनं धरलं, मग मला. एका हातानं खवा, एका हातानं साडू. खवा करपू दिला नाही पठ्ठ्यानं. भट्टीवाला म्हणून मला ते बरोबर वाटलं. साडू म्हणून अजून डाचतं.

जीपमध्ये घालून मला उस्मानाबादला नेलं. आता धाराशिव म्हणायचं, पण तोंडाची सवय जात नाही, मग ती बिडीची असो की गावाच्या नावाची. जरा स्थिर झाल्यावर मॅडमनी एका यंत्राची नळी तोंडात दिली. "जोरात फुंका काका. अजून. अजून. अजून. सोडू नका!" जन्मभर ओढायचं काम केलं, फुंकायची वेळ आली तर डोळ्यापुढं काजवे. यंत्रातून कागद आला. त्यावरची रेघ जरा वर चढली होती अन् लगेच खाली बसली होती, आमच्या सास्तूरच्या मेव्हण्याच्या जुन्या फटफटीसारखी.

मॅडम म्हणाल्या, "हा सीओपीडी आहे. फुप्फुसं झिजलीत. गेलेली परत येत नाहीत. राहिलेली मात्र जपता येतात. बिडी आजपासून बंद. आणि भट्टीचा धूरही बंद."

माणूस अशा वेळी विचारतो, मी किती जगेन, लेकरांचं कसं होईल. माझ्या तोंडून काय निघालं? "मॅडम, माझ्या साडूनं पन तेवढ्याच ओढल्या. मग त्याला कसं न्हाय?"

"त्यांची तपासणी केलीय का?"

"त्याला काय धाड भरलीय तपासायला? येडाईच्या देवळाच्या पायऱ्या पळत चढतो त्यो."

"सगळ्यांना सारखंच होतं असं नाही, काका," त्या म्हणाल्या. मी हे शेवटचं तेवढं धरलं. आधीचा प्रश्न सोडून दिला.

मास्क

वॉर्डात सकाळ झाडूच्या आवाजानं व्हायची. मग सुई, मग वाफेचं मशीन, मग पेज. मशीनचा मास्क लावला की गुर्रगुर्र आवाज यायचा अन् थंड धुकं आत जायचं. त्या वेळी बोलता येत नाही. नेमका त्याच वेळी भानुदास भेटायला यायचा.

तो आला की वॉर्ड जागा व्हायचा. माझ्या कॉटवर बसून संत्रं सोलत तो तामलवाडीच्या एका म्हशीची गोष्ट सांगायचा. ती म्हैस विकली, तर नव्या मालकाला लाथ मारून परत आली, पुन्हा विकली, पुन्हा परत आली. सगळी गोष्ट तो एका दमात सांगायचा. मधे कुठं थांबणं नाही, श्वास घेणं नाही. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा हसून हसून लाल व्हायचा. मी मास्कमधून बघायचो. लोक गोष्ट ऐकत होते, मी त्याचा श्वास ऐकत होतो. एवढं मोठं वाक्य! माझ्या "पाणी दे"चे मधेच दोन तुकडे व्हायचे, अन् हा दिवटा म्हशीला दोनदा विकून आणत होता.

मग तो "आलोच" म्हणून बाहेर जायचा. परत यायचा तेव्हा अंगाला बिडीचा वास. देवाशप्पथ सांगतो, मला त्या वासाचासुद्धा हेवा वाटला. माझ्या नाकात ऑक्सिजनची नळी अन् त्याच्या सदऱ्यात आमचं तीस वर्षांचं सुख.

म्हातारा म्हणाला, "तुमचे साडू लई चांगले हैत हो." मी मास्क काढला नाही.

पंप

घरी येताना श्वासाचं औषध ओढायचा पंप दिला. त्यात पावडरीची गोळी घालायची, फिरवायची अन् ओढायची. नर्सबाई दाखवायला लागल्या तर मी म्हणालो, "ओढायचं मला शिकवू नका, बाई. त्यात माझी हयात गेलीय."

इथंच माती खाल्ली. बिडी ओढणारा धूर आधी गालात घेतो, तिथं घोळवतो, चव घेतो अन् सोडून देतो. पंप मी तसाच ओढत राहिलो. गालात घ्यायचा, मग बाहेर. औषध सगळं जिभेवर. गोडसर लागायचं, बरं वाटायचं, अन् धाप जशीच्या तशी. वर भानुदासाला सांगायचो, मॅडमच्या औषधात दम नाही. पुढच्या खेपेला मॅडमनी समोर ओढायला लावलं अन् कपाळाला हात मारला. "काका, तुम्ही तर पंपाची बिडी केलीत!" सगळा श्वास आधी बाहेर सोडायचा, मग एका ओढीत थेट छातीत घ्यायचं, धरून ठेवायचं, मग चूळ भरायची. ज्यांनी ज्यांनी बिड्या ओढल्यात त्यांना हात जोडून सांगतो, आपल्याला ओढायला येतं ही घमेंड दवाखान्याच्या बाहेर ठेवा. अन् पंप म्हणजे शेवटचं, त्याची सवय लागते, असं कट्ट्यावर सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना म्हणावं, बिडीची लागली तेव्हा कुठं होतात?

माझी जागा

भट्टी बंद म्हणजे माझा जीवच बंद. मी घरी खाटेवर, अन् माझ्या कढईवर भानुदास. हाताखाली त्यानं एक गडी घेतला.

मला वाटलं होतं, खवा बिघडेल. बिघडावा असंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातचा खवा रवाळ अन् मऊ, त्याच्या हातचा नेहमी जरा करकरीत. एक दिवस हायवेवरचे पेढेवाले घरी आले, तब्येत विचारायला. मी हळूच विचारलं, "खवा कसा येतोय?"

"एक नंबर. तुमचा हात हाय का भानुदासरावांचा, वळखू येत न्हाय."

मला त्यांच्या चहात मीठ घालावंसं वाटलं.

घरात पण तेच. सिलिंडर आणायचंय, बोलवा भाऊजींना. धान्याचं पोतं उचलायचंय, भाऊजी आहेत की. शांता त्याला म्हणायची, "भाऊजी, तुमी व्हता म्हणून बाई निभावलं." मी खाटेवर बसून ऐकायचो, तो पोतं पाठीवर टाकून आत जातो, ठेवतो, अन् लगेच बोलायला लागतो. धाप नाही, काही नाही. मग तो गेल्यावर मी शांतावर उगाच ओरडायचो. आमटीत मीठ जास्त आहे, चादर का बदलली नाही. ओरडलं की मलाच खोकला सुटायचा.

एकदा तिनं ताट माझ्यासमोर ठेवलं अन् कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमाला दुखण्यानं कमी अन् जळण्यानं जास्त धाप लागतीया. त्यो माझ्या बहिणीचा नवरा हाय. तुमचं वझं वाहतोय. त्याचा श्वास चांगला हाय ह्यो काय त्याचा गुन्हा हाय व्हय?"

"गुन्हा न्हाय. पन त्याला कळायला तरी पायजे."

"काय कळायला पायजे?"

त्याला पण धाप लागायला पाहिजे, एवढंच मनात होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिनं पाणी आणून ठेवलं अन् ती गेली.

पायऱ्या

आमचा एक नेम होता. दर पौर्णिमेला भट्टीवरच्या पहिल्या खव्याचे पेढे करून येडाईला न्यायचे. ज्यानं खवा घोटला त्यानंच डब्बा घेऊन वर जायचं. आम्ही दोघं घोटायचो म्हणून दोघं चढायचो. वाटेत त्याची-माझी शर्यत लागायची, मागून बहिणी शिव्या द्यायच्या.

आजारानंतर मी खाली बसतो. नारळवाल्याच्या दुकानाला लागून एक दगड आहे, त्यावर. ओळखीचे लोक टोमणा मारतात, "करून करून भागलं अन् देवपूजेला लागलं काय, नामदेवराव?" मी हसतो. शांता अन् मंगल वर जातात. भानुदास डब्बा घेऊन सगळ्यांच्या पुढं. मधल्या वळणावर पोचला की तो मागं वळून मला हात करायचा. त्याला वाटायचं साडूला बरं वाटेल. मला वाटायचं, पडू दे ह्याचा पाय घसरून. पेढे नको पडायला, फक्त हा.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. दर पौर्णिमेला मी त्याला पायथ्यापासून वळणापर्यंत डोळ्यानं धरून ठेवायचो. कुठल्या पायरीला पाय टाकतो, गुडघ्यावर हात टेकतो का, मान खाली जाते का. आईनं लेकरावर ठेवली नसेल एवढी नजर मी त्याच्यावर ठेवली. माया म्हणून नाही, जळून.

मग एका पौर्णिमेला भानुदास वळणाच्या अलीकडं थांबला. मागं वळून हात केला नाही. खिशातून मोबाईल काढला अन् कानाला लावला.

मी बघत राहिलो. तोंड हलत होतं, पण जरासंच. हं... हं... बरं. खांदे वरखाली होत होते. दुसरा हात डब्ब्यासकट कठड्यावर. मागून येणाऱ्यांना तो मानेच्या खुणेनं सांगत होता, जा पुढं, महत्त्वाचा फोन आहे.

माझ्या हाताला काय झालं कुणास ठाऊक. मी माझा मोबाईल काढला अन् त्याचा नंबर लावला.

त्याच्या कानाला लावलेला फोन वाजला.

तो एवढा दचकला की डब्बा कठड्यावर आपटला. फोनकडं बघितलं, मग खाली माझ्याकडं. उचलला. पलीकडून आधी नुसता श्वास आला. त्यात बारीक शिट्टी. ती शिट्टी मला पाठ होती.

"काय... साडू?"

"कुणाशी बोलत व्हतास?"

तो म्हणाला, "तुझ्याशीच की."

खरं सांगतो, लाज सोडून सांगतो. मला आनंद झाला. पोटात गूळ पडल्यासारखा. सुटला नाहीस ना लेका! नारळवाल्याला म्हणालो, "एक नारळ दे, फोडतो हितंच." त्यानं नारळ हातात दिला. तो फोडायला दगडावर टेकवला, अन् हात उचलेना. ही शिट्टी पुढं कुठं घेऊन जाते ते मला माहीत होतं. नारळ तसाच पिशवीत घातला.

तोंडावर बोट

खाली आल्यावर बहिणी प्रसाद वाटत होत्या तेवढ्यात मी त्याला बाजूला घेतलं.

"कदीपासनं?"

"कायबी न्हाय. ऊन लागलं."

"माघातलं ऊन? भान्या, ही सोंगं म्या काढलीत. मला शिकवू नगंस."

तो चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागला. ते पण माझंच सोंग. मग म्हणाला, "मंगलला बोलू नगंस. तू बसलास. आता म्या बसलो तर भट्टी कोन बघंल? दोन्ही घरं उघड्यावर येतील. तुला शपथ हाय येडाईची."

मी गप्प बसलो. शपथेमुळं बसलो असं सांगितलं तर चांगलं दिसेल, पण तसं नाही. गप्प बसलो तर काही दिवसांत तो माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसणार होता. त्यालाही "पाणी दे" दोन तुकड्यांत म्हणावं लागणार होतं. मला सोबत हवी होती. खाटेवर एकट्यानं पडून ज्यानं दुसऱ्याचं हसणं ऐकलंय, त्यालाच ह्यातलं कळेल. दुसरीकडं हेही कळत होतं की, माझी जी फुप्फुसं गेली ती ह्याच गप्प बसण्याच्या दिवसांत गेली. त्याची अजून शाबूत असतील. रोज सकाळी वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, राहू दे, मला कुणी सांगितलं होतं?

अशात तो एक दिवस भट्टीवरून थेट माझ्याकडं आला. कपड्यांना धुराचा वास. खाटेवर बसला, इकडंतिकडं बघितलं. शांता अन् मंगल मागच्या दारी पापड वाळत घालत होत्या.

"साडू, जरा तुझा पंप दे की. एक झुरका. बघू कसा लागतोय."

अन् त्यानं हात पुढं केला. दोन बोटं, मधे फट. जशी बिडी घ्यायला करायचा तशी.

माझं डोकंच सटकलं. माझी कढई घेतलीस. माझी गिऱ्हाइकं घेतलीस. माझ्या बायकोच्या तोंडात तुझंच नाव. पायऱ्या तुझ्या, वळण तुझं, म्हशीची गोष्ट तुझी. एक पंप राहिलाय माझा, तो पण एकाआड एक ओढायचा? मी पंप छातीशी धरला.

"ही बिडी हाय व्हय? माझा हाय ह्यो! तुझा तू घे!"

"आरं हळू..."

"हळू न्हाय! मंगल! ए मंगल! शांता! हिकडं या! ह्याला माझ्यासारखंच झालंय! पायऱ्यांवर थांबतोय, खोटे फोन लावतोय, अन् आता माझा पंप मागतोय!"

एवढं ओरडल्यावर मला जो खोकला लागला तो काही विचारू नका. पापडाचं पीठ लागलेल्या हातानं मंगल दारात उभी होती. ती आधी माझ्याकडं बघत होती, कारण खोकत मी होतो. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो खाली मान घालून बसला होता, अन् खोली गप्प झाल्यावर त्याची शिट्टी सगळ्यांना ऐकू आली.

"दाजी," ती मला म्हणाली, "कदीपासनं म्हाईत हाय तुमाला?"

"पुनवेपासनं."

ती मला काही बोलली नाही. शांता बोलली, लई बोलली, ते इथं लिहीत नाही.

त्याची फुंकर

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं उस्मानाबादला. भानुदासाच्या तोंडात नळी. "फुंका. अजून. अजून. सोडू नका." मी मॅडमच्या खांद्यावरून यंत्राकडं बघत होतो. त्याची रेघ वर चढली अन् माझ्या रेघेपेक्षा कितीतरी लांब चालली. शेवटी खाली आली, पण लांब चालली.

मॅडम म्हणाल्या, "सुरुवात आहे. फार चांगल्या वेळेला आलात. बिडी सोडा, धूर सोडा. पुष्कळ वाचलंय, ते वाचवता येईल. बहुतेक लोक काकांसारखे, पार आडवे झाल्यावर येतात. तुमच्या एवढ्या लवकर कसं लक्षात आलं?"

भानुदासानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो माझ्यावर जळतो, मॅडम. माझा श्वास माझ्यापेक्षा ह्येलाच जास्त म्हाईत."

मॅडम हसल्या, मंगल रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. पुष्कळ वाचलंय! माझं का नाही वाचलं? एकाच बंडलातल्या बिड्या होत्या ना? जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसलो. भानुदासानं खिशातलं बंडल काढलं अन् माझ्या हातात दिलं. "तूच टाक," म्हणाला. तीस वर्षं आम्ही एकमेकांना भरवलेली चीज ती. मी वास घेतला. वास पण पुरा आत जाईना. मग दिलं खिडकीबाहेर भिरकावून.

भट्टीवरची लाकडं आता गेली. बहिणींनी ठरवलं अन् आम्ही माना हलवल्या. गॅस आला, मोटरवर फिरणारी कढई आली. खव्याला पहिली चव नाही. पेढेवाले आता म्हणतात, "हात वळखू येतो, यंत्राचा हाय." हे ऐकून मला कुठंतरी बरं वाटतं.

खालचा दगड

पौर्णिमेचा नेम चालू आहे. भानुदास डब्बा घेऊन चढतो. आता पळत नाही. वळणाच्या अलीकडं थांबतो, उघडपणे, कठड्याला टेकून. लोकांनी विचारलं तर सांगतो, "दम खातोय." त्याचा स्वतःचा पंप आहे, स्वतःच्या खिशात.

थांबला की तो मला फोन लावतो. खराखुरा. तो वर, मी खाली, दोघांचा श्वास फोनवर.

"बोल साडू."

"तू बोल. मला... वेळ लागतो."

मग तोच बोलतो. म्हशीची गोष्ट पुन्हा सांगतो. आता ती दोन-तीन दमांत होते. माझ्या गोष्टीचे नऊ-दहा तुकडे होतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गोष्ट संपली की तो फोन ठेवतो, वळणापर्यंत जातो अन् मागं फिरून हात करतो. मी पण करतो. आता तो घसरून पडावा असं वाटत नाही. पण हेवा गेला म्हणाल, तर नाही गेला. तो अजून वर जातो अन् मी अजून खाली बसतो.

त्याच्या छातीचा हेवा मी आता सहन करायला शिकलोय. एक हेवा मात्र सहन होत नाही. येताना-जाताना ती चिंच लागते. तिथं मी कितीतरी महिने मुका मोबाईल कानाला लावून उभा होतो. समोरून अख्खं गाव जात होतं.

भानुदासाचा फोन वाजला. माझा एकदाही वाजला नाही.